मीठ, साखर आणि पेशीचं दार : जलसंजीवनीची गोष्ट



गेल्या महिन्यात आपल्या रेडिओवर आम्ही लहान मुलांच्या जुलाबांविषयी बोललो. त्यानंतर गटांच्या बैठकांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "पाण्यासारखं होतंय, त्यात आणखी पाणी पाजायचं? आणि नुसतं मीठ-साखरेचं पाणी? त्यानं काय होणार? सलाईन लावलं तर कळतं की काहीतरी औषध गेलं." प्रश्न रास्त आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो जवळजवळ सव्वाशे वर्षं सुटला नव्हता. म्हणून आज औषधाची माहिती सांगण्याआधी त्याचा इतिहास सांगतो. हे पाणी कुठून आलं, ते कोणी शोधलं, आणि आपल्या आतड्याच्या पेशींमध्ये असं काय घडतं की चिमूटभर मीठ आणि थोडी साखर माणसाला मरणाच्या दारातून परत आणते, ते समजलं की हात आपोआप पाकिटाकडे जाईल.

मोडशी, पटकी आणि मरीआई

पटकी हा शब्द आता फक्त शिव्याशापात उरला आहे. "तुला पटकी येवो" म्हणणाऱ्या कित्येकींना तो कॉलऱ्याला दिलेला शब्द आहे हे माहीत नसतं. पण आपल्या पणज्यांना माहीत होतं. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा. डोळे खोल जायचे, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडायच्या, आवाज बसायचा, पायात गोळे यायचे. दिवस मावळायच्या आत घर रिकामं व्हायचं. जुलाब कसे, तर तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके. गावात मरीआईचा कोप झाला म्हणायचे आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे.

या आजाराचा आपल्या भाषेशी आणखी एक जुना संबंध आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने या आजाराचं वर्णन केलं आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही लिहून ठेवलं आहे. तो शब्द म्हणजे आपली मोडशी. पुढे युरोपात जाता जाता त्या शब्दाचा इतका अपभ्रंश झाला की फ्रेंचांनी त्याचा अर्थ 'कुत्र्याचं मरण' असा लावला. शब्द चुकला, पण आजाराचं वर्णन काही फार चुकलं नाही.

रक्तातून गेलं काय?

१८३१ साली ही साथ इंग्लंडात पोहोचली. तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. ते घट्ट झालेलं होतं. त्यातलं पाणी कमी झालं होतं आणि क्षारही. ते पाणी आणि ते क्षार जुलाबातून बाहेर पडले होते. म्हणजे माणूस मरत होता तो पाणी आणि मीठ संपल्यामुळे. हाच ओशॉनेसी पुढे भारतात आला आणि इथे तारायंत्राचं जाळं उभारणारा म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याचं लिखाण वाचून स्कॉटलंडमधल्या थॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ साली मिठाचं पाणी थेट शिरेतून द्यायला सुरुवात केली. त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. अगदी शेवटच्या घटका मोजत होती. पाणी शिरेत जाऊ लागलं तशी तिची नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला, ती बोलू लागली. डॉक्टर विश्रांतीला गेला. पण जुलाब थांबले नव्हते. जेवढं पाणी आत गेलं होतं तेवढं पुन्हा बाहेर पडलं. पुन्हा पाणी देण्याची तजवीज झाली नाही, आणि काही तासांत बाई गेली. मैत्रिणींनो, या बाईची गोष्ट लक्षात ठेवा. पाणी एकदा देऊन भागत नाही. जितकं जाईल तितकं देत राहावं लागतं. पुढे हाच नियम कामाला आला.

शिरेतून सलाईन देण्याची पद्धत सुधारायला आणखी बरीच वर्षं गेली. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुधारली आणि मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आणलं. पण सलाईनला बाटली लागते, सुई लागते, उकळून गार केलेलं निर्जंतुक पाणी लागतं, शीर शोधणारा हात लागतो. ज्या वस्त्यांवर पटकी यायची तिथे यातलं काहीच नव्हतं. मग तोंडावाटे पाणी का देऊ नये? देऊन पाहिलं होतं. नुसतं पाणी दिलं, मिठाचं पाणी दिलं, तरी ते आतड्यात टिकत नव्हतं, तसंच बाहेर पडत होतं. म्हणून डॉक्टरांनीही ठरवून टाकलं की जुलाबात आतड्याला विश्रांती द्यावी. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाया "पोट चालतंय तोवर काही देऊ नका" म्हणतात ना, त्यांच्या त्या समजुतीला एके काळी दवाखान्याचाही पाठिंबा होता.

पेशीचं कुंपण

आता थोडं पेशीच्या आत डोकावू. आपलं शरीर पेशींचं बनलं आहे हे शाळेत जाणाऱ्या मुली सांगतातच. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. इतका पातळ, की असे एक लाखाहून जास्त पापुद्रे एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर जाडी होईल.

या पापुद्र्याची पहिली ओळख आपल्या स्वयंपाकघरात रोज होते. रात्री हरभरे भिजत घातले की सकाळी टम्म फुगतात. मनुका पाण्यात टाकल्या की गोल होतात. उलट कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर ताटात वाढेपर्यंत तिचं पाणी पाणी होतं. जिकडे मीठ किंवा साखर दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. पाण्याच्या या चालीला परासरण म्हणतात. फ्रान्समधल्या नोले नावाच्या पाद्र्याने १७४८ साली हीच गोष्ट डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत दारू भरून आणि ती पाण्यात ठेवून पाहिली होती. पिशवी फुगत गेली. पाणी आत येत होतं, पण दारूला तितकं सहज बाहेर जाता येत नव्हतं. पापुद्रा निवड करतो, कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं हे ठरवतो, हे तिथे दिसलं.

पुढे १९२५ साली हॉलंडमधल्या दोघा संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी काढून पाण्यावर पसरली. तिने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. म्हणजे पेशीचं कुंपण चरबीचं असतं, आणि ते दुहेरी असतं. तेलकट हाताला पाणी लागत नाही तसं या कुंपणातून पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा साखर आपसूक आत जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी कुंपणात दारं लागतात. ही दारं प्रथिनांची असतात, आणि प्रत्येक दाराचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं.

काही दारं नुसती उघडी असतात. त्यांतून जो तो जास्त गर्दीकडून कमी गर्दीकडे जातो. काही दारांवर पंप बसवलेला असतो. तो शरीराची ताकद खर्च करून आतलं मीठ बाहेर उपसत राहतो. १९५७ साली डेन्मार्कमधल्या येन्स स्कू या शास्त्रज्ञाला हा पंप खेकड्याच्या नसांमध्ये सापडला. विहिरीवरच्या मोटारीने पाणी उपसावं तसा हा पंप दिवसरात्र चालतो, म्हणून पेशीच्या आत मिठातलं सोडियम नेहमी कमी असतं आणि बाहेर जास्त. बाहेरचं सोडियम सतत आत यायला धडपडत असतं. उतारावर थांबवून धरलेलं पाणी जसं वाट मिळताच धावतं, तसं.

आणि इथे आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं दार येतं. १९६० सालच्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात पेशीपटलावर एक परिषद भरली होती. तिथे रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याच्या पेशींत एक असं दार आहे, जिथे साखरेला एकटीला प्रवेश नाही. तिच्याबरोबर सोडियम हवं. सोडियम उताराने आत धावतं आणि जाताना साखरेचा हात धरून तिला ओढून नेतं. दोघांचं मिळून एकच तिकीट. आता आपल्याला माहीत आहे की ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन कण जातात. ही जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणीही आत जातं. आपणच सांगितलं ना, जिकडे मीठ-साखर तिकडे पाणी.

विषाने एक दार बिघडवलं, दुसरं नाही

आता पटकीकडे परत येऊ. आपण रोज पितो ते दोनेक लिटर पाणी आणि शरीर पचनासाठी आतड्यात सोडतं ते सहा-सात लिटर पाणी, असे सगळे मिळून आठ-नऊ लिटर दर दिवशी लहान आतड्यात उतरतात. त्यातलं जवळजवळ सगळं पेशी परत शोषून घेतात. बाहेर पडतं ते फुलपात्रभर. ही केवढी मोठी घेवाणदेवाण आपल्या नकळत चाललेली असते!

पटकीत हा हिशोब का बिघडतो, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं. १९५९ साली त्यांनी सिद्ध केलं की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि जुलाब त्या विषामुळे होतात. साध्या साधनांवर, सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यांनी हे काम केलं. जगभर नंतर त्याचं मोल कळलं. त्यांच्या हयातीत आपल्या देशात मात्र त्यांचा म्हणावा तसा मान झाला नाही.

हे विष पेशीला मारत नाही. ते पेशीची क्षार बाहेर टाकणारी तोटी उघडी करून ठेवतं. क्षार आतड्यात ओतले जातात, त्यांच्यामागे पाणी धावतं, आणि तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते आत घ्यायची नेहमीची वाटही विषाने अडवलेली असते. पण मीठ-साखरेच्या जोडीचं दार? ते शाबूत असतं! पुढचं दार चोराने मोडलं, तरी मागच्या दाराने घरात धान्य नेता येतंच, तसं. जुलाब सुरू असतानाही त्या दाराने मीठ, साखर आणि पाणी आत जात राहतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. जुलाब लगेच थांबत नाहीत, पण जितकं जातं तितकं परत आत येतं, आणि माणूस जगतो. जंतूंचं काम दोन-चार दिवसांत ओसरतं. तेवढे दिवस तग धरायचा.

डॉक्टरांनाही पटायला वेळ लागला

गंमत अशी की हे दार सापडायच्या सात वर्षं आधीच कोलकात्यात एका डॉक्टरने हे पाणी पाजून दाखवलं होतं. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने दिलं आणि १९५३ साली ते इंग्लंडच्या प्रसिद्ध 'लॅन्सेट' मासिकात लिहिलं. रोगी फार गंभीर नव्हते, आणि किती पाणी गेलं, किती दिलं याची मोजदाद नव्हती. त्यामुळे त्यांच्या लेखाकडे जगाने फारसं लक्ष दिलं नाही. पुढे मनिला शहरात एका अमेरिकन डॉक्टरने असाच प्रयोग केला. पण त्यांचं पाणी फार तीव्र झालं. काही रोगी दगावले आणि काम थांबलं. प्रमाण किती महत्त्वाचं आहे हे त्यातून कळलं.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी अखेर नीट हिशोब मांडला. २९ गंभीर रोग्यांच्या जुलाबांचं माप घेतलं आणि तेवढंच मीठ-ग्लुकोजचं पाणी त्यांना पाजलं. जितकं गेलं तितकं दिलं. सलाईनची गरज पाचातला एक हिस्साच उरली. त्याच सुमारास कोलकात्यातल्या डॉक्टरांनाही हेच दिसून आलं. तरीही पुष्कळांचं मत असं होतं की हे फक्त मोठ्या दवाखान्यात, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली करावं. गावातल्या आईच्या हाती हे कसं द्यायचं?

बनगाव, १९७१

त्याचं उत्तर युद्धाने दिलं. १९७१ साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली. पावसाळा, चिखल, छावण्यांत दाटीवाटी, आणि पिण्याला मिळेल ते पाणी. पटकी पसरली. सरहद्दीवरच्या बनगावच्या दवाखान्यात कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस यांना पाठवलं गेलं. दोन खोल्या, १६ खाटा आणि शेकडो रोगी. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जी जागा होती ती घाणीने भरलेली. डॉक्टर त्यातच गुडघे टेकून सलाईन लावत होते. सलाईनचा साठा संपत आला.

तेव्हा त्यांनी ठरवलं, आता तोंडाने. कोलकात्याच्या त्यांच्या संशोधन केंद्रात लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला जाई आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद केली जात. छावणीत मोठ्या पिंपांत ते पाणी कालवून ठेवत. लिटरला खर्च पडला ११ पैसे. पाजायचं कोणी? परिचारिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग रोग्याची आई, बहीण, नवरा, शेजारीण, जो जवळ असेल तो मग भरून न्यायचा आणि पाजत बसायचा. लोक विचारायचे, सलाईन नाही का लावणार? डॉक्टर सांगायचे, हे सलाईनच आहे, फक्त तोंडाने प्यायचं. मैत्रिणींनो, आपल्या गावातला प्रश्न आणि बनगावचा प्रश्न एकच होता, पाहिलंत?

आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रोग्यांना हे पाणी दिलं. आधी शंभरातली तीस माणसंही जात होती. ज्यांना हे पाणी मिळालं त्यांत शंभरामागे चारसुद्धा गेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी हे स्वतः येऊन पाहिलं. हे पाणी कसं करायचं ते बांगलादेशच्या गुप्त रेडिओवरूनही सांगितलं गेलं. आम्ही रेडिओवाल्या आहोत, म्हणून हे वाचताना आमची मान जरा ताठ झाली.

१९७८ साली 'लॅन्सेट'ने लिहिलं की साखर आणि मीठ ही जोडी आतड्यात एकत्र शोषली जाते हा शोध या शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. ज्यांच्या पाण्याने लाखो मुलं वाचली त्यांचं नाव आपल्यातल्या कितीजणींनी ऐकलं होतं?

तीन बोटांची चिमूट

पण पाकिटं सगळीकडे पोहोचत नव्हती. म्हणून बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने वेगळी वाट धरली. पाकीट नाही तर घरातलं मीठ आणि घरातला गूळ. तीन बोटांत मावेल ती मिठाची चिमूट, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९७९ मध्ये सुल्ला भागात करून पाहिलं आणि १९८० पासून दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या बायका सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत पोहोचल्या. खेड्यापाड्यांतल्या बायका, पायी, घरोघर. प्रत्येक आईला समोर बसवून तिच्याच हातांनी पाणी करायला लावायच्या. दहा गोष्टी पाठ करून घ्यायच्या.

त्यांचा पगार कसा ठरायचा तेही ऐका. महिन्याभराने दुसरं माणूस जाऊन काही घरांतल्या आयांना विचारायचं, आणि त्यांनी केलेल्या पाण्यातलं मीठ तपासलं जायचं. आईच्या लक्षात जितकं राहिलं असेल तसा शिकवणारीला मोबदला. म्हणजे किती घरं फिरली याला किंमत नाही, समोरची किती शिकली याला किंमत. आपल्या गटांनी विचार करावा अशी ही रीत आहे.

अडचणीही आल्या. आयांना सगळं पाठ असूनही वेळेला त्या पाणी देत नव्हत्या. का? तर शोध घेतल्यावर कळलं की तिथल्या बायका जुलाबांना चार वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. अंगावरच्या दुधाने होणारे वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे आणि पटकीसारखे वेगळे. हे पाणी फक्त शेवटच्या प्रकाराचं औषध, असं त्यांना वाटत होतं. आपल्याकडेही तेच नाही का? "दात येताहेत म्हणून होतंय", "नजर लागली", "आव पडलीय", "मोडशी झालीय". नाव कोणतंही असो, पाणी जातंच, आणि गेलेलं पाणी भरून काढावंच लागतं. दुसरी अडचण म्हणजे पुरुषांना कोणी विश्वासात घेतलं नव्हतं. मग बाजारात, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या, तेव्हा घरात वापर वाढला.

१९८० च्या सुमाराला जगात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं जुलाबांनी जात होती. आता हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, संडास, लसी, सकस अन्न या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, पण या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. तरीही आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी साठेक मुलांनाच ओआरएस मिळालं. उरलेल्या चाळीस मुलांसाठी आजचं हे बोलणं आहे.

आता घरात काय करायचं

आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पाकिटं मिळतात. २००२ सालापासून त्यातलं मीठ आणि साखर दोन्ही आणखी कमी केलं आहे, त्यामुळे जुलाब आणि उलट्याही कमी होतात. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात कालवायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही. लहान पाकिटं कमी पाण्याचीही असतात, म्हणून पाकिटावर लिहिलेलं माप आधी वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या. कालवलेलं पाणी झाकून ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. उरलं तर टाकून द्या.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर डोंगर नको. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका आहे. साखर जास्त झाली तर आतड्यातच दाट पाणी होतं आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. कैरीच्या फोडी आठवा. म्हणूनच जुलाबात बाटलीतली थंड पेयं, डब्यातले रस किंवा ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं देऊ नका. दुकानदार म्हणाला तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं आहे का ते पाहा.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलांना अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. तांदळाची पेज चिमूटभर मीठ घालून द्या. तांदळातल्या पिठाचं आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतं, म्हणजे आजीच्या मीठ घातलेल्या पेजेत त्याच दाराची किल्ली होती. जोडीला आशाताईंनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करा, जुलाब थांबले तरी.

आणि काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. मूल मलूल पडलं, पिईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, जुलाबात रक्त आहे किंवा लघवी होत नाही, तर लगेच दवाखाना. तिथे सलाईन लागेल आणि लागायलाच हवं. पण वाटेतसुद्धा, मूल पीत असेल तर, चमच्याने पाणी चालूच ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं अशी आमची विनंती आहे. एक लिटरचं भांडं, सपाट चमचा, मीठ आणि साखर घेऊन बसा. बोलणाऱ्या एकीने करून दाखवू नये. सगळ्यात नव्या सुनेला करू द्या, आणि तिच्या सासूला चव घेऊ द्या. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. घरातल्या पुरुषांनाही बोलवा. ज्या गोष्टीसाठी इतक्या डॉक्टरांनी इतकी वर्षं घालवली, ती आपल्या प्रत्येकीच्या फळीवर डब्यात आहे.

आता आमचा निरोप घेतो. ज्या गटांनी ही बैठक घेतली त्यांनी आम्हाला कळवा. तुमच्या गावात जुलाबांना कोणकोणती नावं आहेत तेही लिहून पाठवा. पुढच्या वेळी ती सगळी नावं घेऊनच बोलू.